आजोबांचं तळं

आता काय, सांगून सांगून दमलो हो मी! पण चहा पाजलात, तेव्हा ऐका माझा गाढवपणा.

ब्याऐंशीचा सुमार. आम्ही नाहूरला राहायचो. ऑफिसात साहेबांच्या केबिनला रंग लागणार होता, म्हणून भिंतीवरचं चित्र त्यांनी माझ्याकडे सांभाळायला दिलं. डोंगरातलं तळं, मागे बर्फाची शिखरं.

"जप रे, मागच्या शतकातलं आहे. सोमवारी परत हवं. काही झालं तर नोकरी विसर!"

नेमके रविवारी आमच्या शालूला, म्हणजे धाकट्या बहिणीला, बघायला कांदिवलीचे तावडे येणार. आणि हॉलच्या भिंतीला ही एवढी ओल! मी चित्र त्या ओलीवर टांगलं. झकास दिसलं. तिथेच थांबायचं ना? नाही!

मुलाचे वडील पोहे सोडून चित्राकडेच बघत बसले. "काय बरां चित्र असा! कोणी काढल्यान?"

साहेबांचं आहे म्हटलं तर इज्जत जाणार. तोंडातून निघून गेलं, "आमच्या आजोबांनी."

"आणि तळां खंयचा?"

"आमच्या गावचंच."

"कोकणात बरफ?"

"धुकं हो ते! सकाळी फार पडतं."

शालूने चहाच्या ट्रेआडून माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

बरं, मुलाकडच्यांनी काही वाखाणलं की मुलीकडच्यांनी काय म्हणायचं असतं? मी म्हटलं, "आवडलं तर घेऊन जा, आपलंच आहे!" यावर समोरच्याने "छे छे" करायचं असतं की नाही? तावड्यांनी खुर्चीवर चढून चित्र उतरवलं! रिक्षापर्यंत ते मीच उचलून नेलं.

"मेल्या, नोकरी गेली तुझी!" आईने कपाळावर हात मारला.

"आणि परत मागितलंस तर माझं लग्न गेलं," शालू म्हणाली. "दादा, तू ना, आता बोलूच नकोस."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सोमवारी सकाळीच कांदिवली गाठली. दार उघडलं आणि मी काय बोललो असेन?

"आजोबा स्वप्नात आले. रडत होते."

शपथ सांगतो, दुसरं काही सुचेचना!

तावड्यांचेच डोळे भरून आले. चित्र चादरीत गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिलं. "आजोबांची आठवण ती. आमका नको. मुलगी पसंत असा. फक्त साखरपुडो तुमच्या गावाक करूया, त्या तळ्याच्या काठार!"

चित्र वेळेत साहेबांकडे पोचलं, नोकरी वाचली. पण तळं कुठून आणू?

दर आठवड्याला नवी सबब सांगून सांगून मी पार थकलो. शेवटी तावड्यांची मंडळी गावात उतरलीच. नेलं सगळ्यांना गुरं धुवायच्या डबक्यावर. भर दुपार, धुकं नाही, डोंगर नाही, चिखलात नुसत्या म्हशी. शालूने तोंडावर पदर ओढून घेतला.

तावडे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून शांतपणे म्हणाले, "पावण्यानू, आजोबा म्हशी काढूक इसारले वाटता!"