उकिरड्याच्या जागी ड्रम

ड्रम पेटला तेव्हा माझ्या हातात केरसुणी होती. सरकारी नव्हे, घरची.

बहात्तरचा दुष्काळ. सांगलीकडच्या एका लहान नगरपालिकेत मी नवी सॅनिटरी इन्स्पेक्टर, म्हणजे गावचा केर कुठं पडतो ते बघणारी बाई. आल्या आल्या मी गल्लीतले उकिरडे उचलले आणि कोपऱ्याकोपऱ्यावर डांबराचे रिकामे ड्रम ठेवले. दवंडी पिटवली : केर ड्रममध्येच टाकायचा, जळतं काही टाकायचं नाही. अंगावर कडक इस्त्रीचं पातळ, चालण्यात कलेक्टरीणबाईंचा तोरा. लोक वाट सोडायचे, ते मानानं असं मी समजायची.

दिवाळीचा पाडवा आला. त्या पहाटे आमच्याकडं बायका घर झाडतात, केर फुटक्या टोपलीत भरतात, वर पेटती पणती ठेवतात आणि घरातली इडापिडा म्हणून सगळं उकिरड्यावर टाकून येतात.

"आत्याबाई, टाकायचं कुठं?" मी सासूबाईंना विचारलं.

"तुज्या त्या पिपात. आन् पयली जा. इन्स्पेक्टरच्या घरची पिडा मागं ऱ्हायला नगो."

गेले. पहिली पणती माझी. बाईंनी टाकली म्हणून मागून सगळ्या गल्लीनं टाकल्या. ड्रमच्या तळाला डांबर होतंच. भडका उडाला तो शेजारच्या हौसाक्काच्या कडब्याच्या गंजीला लागला. म्हैस वेळेत सोडली. कडबा गेला, आणि त्या साली कडबा विकत मिळत नव्हता.

हौसाक्कानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "आता हिला बाजार दावायचा," एवढंच म्हणाली. मला तोंड कुठं लपवू असं झालं.

नगरपालिकेत साहेबांनी बोलावलं.

"जळतं टाकू नये, ही दवंडी कुणाची?"

"माझी, सर."

"पहिली पणती?"

"माझीच."

"मग नोटीस कुणाला काढू?"

मला नोकरीत कायम करायचं त्यांनी पुढं ढकललं.

घरी आत्याबाई वाटच बघत होत्या. मळ्यातल्या वाड्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. "पातळ खोच आन् हौसाक्काच्या गोठ्याकडं चल." कारखान्याची तोड संपेपर्यंत रोज ड्युटी सुटली की इन्स्पेक्टरीणबाई भारा घेऊन गल्लीतनं.

"बाई, आज आमचा केर न्हाई व्हय बघायचा?" बाया दारातनं विचारायच्या. माझी मान खाली. भाऱ्याचं वजन लय, असं मी स्वतःला सांगायची.

म्हैस बाजारात गेली नाही. हौसाक्का मात्र भारा उतरून घ्यायची आणि न बोलता आत जायची. पुढचा पाऊस पडला तेव्हा कुठं म्हणाली, "च्या घेणार का?"

पुढच्या पाडव्याला मी नियमात एक ओळ वाढवली : पणती बाहेर दगडावर ठेवावी. आणि पहाटे ड्रमपाशी पाण्याची घागर घेऊन स्वतः उभी राहिले. नियम करणाऱ्यानं निदान आपल्या घरचा सण तरी ध्यानात ठेवावा. मी तर तो लहानपणापासून करत होते.