टाळक्यावरचे डोळे

मंगळवारी सकाळी लोणावळ्यात, आमच्या ओटीवर, मी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या तळ्यातली कमळं पुसत बसलो होतो... हसू नका, सांगतो.

मी मूळचा नाटकाचे पडदे रंगवणारा. बोलपट आले, नाटक कंपन्या बसल्या आणि माझं काम आटलं. अशात पुण्याच्या एका प्रोफेसरांनी चांद्याकडच्या दगडात सापडलेल्या कवटीची प्लास्टरची नक्कल पाठवली. बेडकाच्या लांबच्या भाऊबंदातला प्राणी म्हणे. जिवंतपणी तो कसा दिसायचा, कुठे राहायचा, ते रंगवा... जमलं तर कॉलेजच्या म्युझियमचं कायमचं काम तुमचं.

मग काय, जीव ओतला! तळं, तळ्यात कमळं, आणि काठावरच्या हिरवळीत आमचे बेडूकराव छाती काढून उभे. शेवटच्या रांगेतल्यालाही दिसलं पाहिजे, हीच आमची शिकवण.

चित्राचा छोटा नमुना टपालानं पाठवला, तर प्रोफेसरांचं कार्ड आलं. त्या काळी फुलंही नव्हती आणि गवतही नव्हतं, प्राणी सिंहासारखा का उभा आहे? रविवारपर्यंत नीट करा, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

कमळं पुसली, हिरवळ पुसली. प्राण्याचं काय करावं ते मात्र सुचेना.

तेवढ्यात गंगूमावशी आली. ती कार्ल्याच्या वरच्या वाडीतली, आमच्या आळीत ओढ्यातले मासे विकते. पाणी प्यायला टेकली आणि कवटी हातात घेऊन फिरवून बघू लागली.

"मास्तर, डोळं तर टाळक्यावर हायेत ह्याचं. ह्ये हुबं कशाला ऱ्हाईल? गाळात पडून वर बगत बसत आसंल."

डोळ्यांच्या खोबणी मी पट्टीनं मोजून काढल्या होत्या... पण बघितल्या तिनं.

चार दिवसांत चित्र बदललं. गढूळ पाणी, काठाला नेचे, गाळात चपटं डोकं आणि वर दोन डोळे तेवढे. शनिवारी पॅसेंजरनं पुण्याला नेलं. प्रोफेसर म्हणाले, प्राणी कुठाय? मग दिसला, तसे खुर्ची पुढे ओढून बघतच बसले. काम मिळालं!

मावशीला सांगायला वाडीवर गेलो. तिनं एवढंच विचारलं, मग ते मेलं कशानं? आणि उत्तरही तिनंच दिलं.

"डबकं आटलं आसंल," ती म्हणाली. "न्हाई तर त्ये कशाला मरतंय?"

माझंही डबकं आटलंच होतं की, मावशी... तुम्ही वेळेवर दुसरं दाखवलंत.