दाढेवरची कॅप

आमच्या डेंटल कॉलेजात किश्शांना तोटा नाही. दुसऱ्यांचे किस्से ऐकताना लोक आणखी एक चहा मागवतात, आमचे ऐकताना हातातला खाली ठेवतात, एवढाच फरक. मी सांगलीची दातांची डॉक्टर. पोलीस माझ्याकडे पेशंट पाठवत नाहीत, नुसते दात पाठवतात.

* * *

आमचे अटेंडंट बापू फौजेतून रिटायर झालेले. एकदा मी विद्यार्थ्यांना दाखवायला एक काढलेली दाढ अ‍ॅसिडमध्ये ठेवली होती. ती आधी खडूसारखी झाली, मग मऊ पडली, आणि एका सकाळी बघते तर बापूंनी भांडं घासून पालथं घातलेलं! मी लय चिडले. बापू म्हणाले, आत दात नव्हताच मॅडम, त्यात भरलेली चांदी तेवढी तळाला पडली होती, ती ठेवलीय काढून.

त्या दिवशीचं माझं लेक्चर बापूंनीच घेतलं म्हणायचं. दात जातो, धातू राहतो.

* * *

पुढं फलटणकडच्या एका शेडमध्ये अ‍ॅसिडचा ड्रम सापडला. औंधकडच्या एका रिटायर सुभेदारांची मुलगी सासरहून बेपत्ता होती. जावई सोनं गाळण्याच्या धंद्यातला, ड्रम त्याचाच. तळाशी तीन दात उरले होते.

असला दात नुसता बोटानं दाबला तरी चुरतो. पण घेऊन येणारे हवालदार पडले टापटिपीचे. त्यांनी तिन्ही दात चिंच लावून घासले, देवाची भांडी घासावीत तसे!

"तुमच्यापुढं घाण कशी ठिवायची, मॅडम?"

डबीत नुसता भुगा होता. त्या माणसाचा गळा धरावासा वाटला मला. धरला नाही, चहा पाजून पाठवलं.

* * *

लगेच इन्स्पेक्टरांचा फोन. संध्याकाळपर्यंत नाव, वय, गाव कळवा. मी म्हटलं, दातावर गाव लिहिलेलं नसतं साहेब, आणि आता तर दातही नाहीत. मग तुमचा उपयोग काय, म्हणाले. मी फोन ठेवला, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता.

* * *

सुभेदार दर सोमवारी यायचे. इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या बाकावर ताठ बसायचे. मुलगी वाईला नोकरीला असताना तिची दाढ किडली, तेव्हा त्यांनी हौसेनं सोन्याची कॅप बसवून दिली होती. मी पोलिसांना सांगितलं, त्या अ‍ॅसिडनं सोन्याला काही होत नाही, गाळ चाळा. त्यांनी दोनदा चाळला. कॅप नव्हती. जावयाच्या वकिलानं तेच धरून ठेवलं, कॅप नाही म्हणजे ही ती बाई नाहीच.

आणि सुभेदारांचा चेहरा उजळला.

"म्हंजे ती माजी पोरगी न्हवं. व्हय ना, मॅडम?"

मला हो म्हणता येईना आणि नाही म्हणायची हिंमत होईना. पुढच्या सोमवारी त्यांनी पेढे आणले. बापूंनी एक घेतला. मी काम आहे म्हणून आत पळाले, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

* * *

महिन्याभरानं कॅप मिळाली. जावयाच्या अवजारांच्या पेटीत, तराजूच्या वजनांशेजारी, कागदाच्या पुडीत, स्वच्छ धुतलेली. वाईच्या डॉक्टरांनी त्या दाढेचा प्लास्टरचा साचा जपून ठेवला होता. मी कॅप साच्यावर ठेवली. बसली.

सुभेदार समोरच उभे होते. परत एकदा बघा म्हणाले. मी परत बसवून बघितली. मग ते बाहेर बाकावर जाऊन बसले, ते कॉलेज सुटेपर्यंत उठले नाहीत.

इन्स्पेक्टरांनी जावयाला विचारलं होतं म्हणे, सगळं नाहीसं केलंस, मग एवढंच कशाला ठेवलंस? हे सांगताना इन्स्पेक्टर माझ्याकडे बघत नव्हते. जावई त्यांना म्हणाला होता,

"सोनं हाय की, साहेब. सोनं कसं टाकून द्यायचं?"