हॉर्नची जोडी

माझ्या गाडीच्या हॉर्नमध्ये दम नाही, हा शोध माझ्या वडिलांनी लावला आणि मी तो लगेच मानला. इतक्या लवकर मी त्यांचं दुसरं काहीच कधी मानलं नव्हतं. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. मी कळमनुरीला शिक्षक आहे आणि राहतो डोंगरकड्याच्या बाजूला, आमच्या तांड्यावर. संध्याकाळी फाट्यावरून तांड्याच्या रस्त्याला लागलो, तर पुढे वडील चालले होते, रस्त्याच्या मधोमध, हात पाठीमागे बांधून. मी हॉर्न दिला. ते हलले नाहीत. परत दिला, मग जरा लांब दिला. शेवटी एका बाजूची चाकं बाभळीच्या काट्यांत घालून गाडी त्यांच्या बाजूने पुढे काढली, तेव्हा ते दचकले आणि दचकल्याचा राग माझ्यावर काढला.

"ही गाडी हाय का सायकल?" ते म्हणाले. "आवाज कुठाय हिला?"

"तीनदा वाजवला, बा."

"शेळीचं पिल्लू ह्याच्यापेक्षा लांब ऐकू येतंय. बदल तो."

आमच्या घरात तांड्याची बोली चालते, पण गाडीचा विषय निघाला की वडील मराठीत येतात, जीपवरच्या मराठीत. कळमनुरी ते डोंगरकडा त्यांनी वीसेक वर्षं काळी-पिवळी जीप चालवली. आमचे पूर्वज बैलांवर माल लादून मुलूख फिरायचे, हे मी वर्गात मुलांना रंगवून सांगतो. वडिलांना त्याचं काही कौतुक नाही. त्यांचं कौतुक जीपचं. अंगणात बसल्या बसल्या ते वळणावरची गाडी कोणाची आहे ते सांगायचे, आणि ती भरलेली आहे की रिकामी हेही. भरलेली जीप एकदाच वाजते, रिकामी रस्ताभर हाका मारत जाते, असं त्यांचं म्हणणं. मी पडताळून पाहायचो. ते क्वचितच चुकायचे. तेव्हा हॉर्नच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा.

जीप भंगारात गेली, पण वडिलांचा फाटा सुटला नाही. रोज सकाळी आठला घरून निघायचं, दीड किलोमीटर चालत फाट्यावर जायचं, चहाच्या हॉटेलपुढच्या बाकड्यावर बसायचं आणि जीपचे नंबर लावायचे. आधी कोणाची भरायची, मागे कोणी थांबायचं, हे ते ठरवणार. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. पण त्यांनी बोट दाखवल्याशिवाय जीप हलायची नाही. ड्रायव्हर त्यांना काका म्हणायचे. आई गेल्यापासून त्यांचं जगणं म्हणजे तो फाटाच होता, आम्ही घरातली माणसं जेवणाखाणापुरती.

मी नवा हॉर्न घ्यायचं म्हटलं, तेव्हा बायको भाकरी थापत होती. ती वर न बघता म्हणाली, "हॉर्न बदलण्याआधी बाचे कान तर दाखवा एकदा."

मी तिच्यावर खेकसलो. खेकसलो, कारण ती बरोबर होती. टीव्हीचा आवाज गल्लीत जात होता. फोन उशाला वाजून वाजून बंद पडायचा. सुनेने विचारलेल्या दहा प्रश्नांना वडील एकच उत्तर द्यायचे, "व्हय, व्हय." मी मास्तर माणूस, प्रत्येकाचं कारण माझ्याकडे तयार असायचं. टीव्ही जुना आहे, फोन स्वस्तातला आहे, सून हळू बोलते. कान गेलेत असं एकदा म्हटलं की पुढचंही म्हणावं लागलं असतं: बा, आता फाट्यावर जायचं नाही. रस्ता रुंद झाल्यापासून तिथून खडीचे टिप्पर कसे सुसाट जातात ते मी रोज बघत होतो. पण ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नसतं. म्हणून हॉर्न.

कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी ट्रकचा प्रेशर हॉर्न काढला. मी म्हटलं, अहो, मी शाळेत शिकवतो, मला पोलिसांत नेऊन बसवता का? तो हसला आणि त्याने एक जोडी पुढे ठेवली, दोन्ही शंखाच्या आकाराचे. "सर, ये जोडी ले जाओ. एक पतला बोलता, एक मोटा. पर रिले लगाना पड़ेगा, नहीं तो बटन जल जाएगा." रिले म्हणजे बोटभर चौकोनी डबी. दोन हॉर्नना करंट जास्त लागतो, तो स्टिअरिंगच्या बटनावर न टाकता बॅटरीकडून थेट देण्याची ती सोय. दुकानदाराचा पोऱ्या बसवून देतो म्हणाला, पण मी नको म्हटलं. घरीच बसवू, वडील आहेत, असं सांगितलं. सांगताना मला बरं वाटलं होतं.

रविवारी सकाळी अंगणात गाडी लावली. वडिलांनी पलंगाखालचा पान्यांचा पत्र्याचा डबा आणला. जीप गेली तरी पाने त्यांनी दिले नव्हते कोणाला. पुढची जाळी काढताना माझ्या हातून दोन क्लिपा तुटल्या आणि मी चरफडलो, तर ते म्हणाले, "रागानं गाडी उघडत न्हाई." मग स्वतः उकिडवे बसून त्यांनी राहिलेल्या क्लिपा एक एक अशा सोडवल्या की आवाजसुद्धा झाला नाही. जुना हॉर्न मुठीएवढा निघाला, धुळीने माखलेला. तो त्यांनी हातात तोलला आणि बाजूला ठेवला.

"तोंड खाली ठेव नव्याचं, न्हाई तर पावसाचं पाणी बसंल. आन् पत्र्याला टेकू देऊ नको. टेकला की आवाज मरतो."

मी तसंच केलं. त्यांनी ब्लेडने वायरी सोलल्या, पीळ घालून दिल्या, टेप गुंडाळला. फ्यूज कुठे टाकायचा, रिले बॅटरीजवळ कुठे लटकवायचा, सगळं त्यांना पाठ होतं. बोलणं सगळं त्यांच्याकडून आणि ऐकणं सगळं माझ्याकडे, त्यामुळे त्या दोन तासांत कुठेच अडलं नाही. कितीतरी महिन्यांत मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. बायकोने आणलेला चहासुद्धा त्यांनी उभ्यानेच घेतला, एक हात बॉनेटवर ठेवून. शेवटची अर्थिंगची वायर मात्र मी माझ्या अकलेने जोडली.

"बस आत," ते म्हणाले. "वाजव आता."

मी स्टिअरिंगवर बसलो. ते समोर उभे राहिले, बॉनेटपासून दोन पावलांवर, काचेतून माझ्याकडे बघत. मी तळवा बटनावर दाबला.

काहीच वाजलं नाही. साधी कुरकुरसुद्धा नाही. मी दुसऱ्यांदा दाबणार, तेवढ्यात वडिलांनी हात वर केला आणि मान डोलावली.

"झकास," ते म्हणाले. "आता बराबर. पार फाट्यावर जाईल आवाज."

माझा हात तिथेच राहिला. ते हसत होते, अगदी मनापासून. त्यांनी माझा हात पाहिला होता आणि त्यावरून आवाज झाला असं धरलं होतं. असं ते किती दिवसांपासून धरत आले असतील? आमचे ओठ, आमचे हात, आमच्या माना बघून किती वेळा हो म्हणाले असतील? मी खाली उतरलो. दारात बायको उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. आता तिने काहीतरी टोमणा मारावा असं मला वाटलं.

चूक माझी होती. अर्थिंगची वायर मी रंगावरच कसली होती, आणि रंगातून करंट जात नाही. मी गुपचूप त्या जागचा रंग खरवडला, उघड्या लोखंडावर बोल्ट घट्ट केला आणि परत आत बसलो. वडील एव्हाना गाडीकडे पाठ करून डब्यात पाने लावत होते. मी दाबलं. जोडी अशी ओरडली की कोंबड्या उडून कुडावर गेल्या, शेजारच्या म्हशीने दावं ताणलं, बायकोने कानांवर हात ठेवले. वडिलांनी चौदाचा पाना धोतराच्या सोग्याला पुसला आणि जागेवर ठेवला. मान वर झाली नाही.

रडू आलं नाही मला. राग आला, आणि तो कोणावर काढावा कळेना.

त्यांना डॉक्टरकडे न्यायचं तर कारण हवं होतं. माझाच कान दुखतो असं हातवारे करून सांगितलं, आणि ते सोबत आले. डॉक्टरांनी दोघांचेही कान तपासले. वडिलांच्या कानाची शीरच सुकली आहे म्हणाले. मशिनने आवाज मोठा होईल, पण शब्द उमजायचा नाही, आणि आहे तेही जात जाईल. वडील डॉक्टरांच्या ओठांकडे बघून मान हलवत होते. परतताना मला म्हणाले, "डॉक्टर लई हळू बोलतो. पेशंटला तकलीफ होती." मशीन आणलं, ते त्यांनी दोन दिवस घातलं. कानात बाजार भरतो म्हणाले आणि पान्यांच्या डब्यात टाकून दिलं.

तरीही, बा, आता फाट्यावर जायचं नाही, हे वाक्य मी बोललो नाही. त्याऐवजी सकाळी अर्धा तास आधी निघायला लागलो. वडील पुढे चालायचे आणि मी शंभर पावलं मागे, पहिल्या गियरमध्ये, दोन्ही इंडिकेटर लावून. मागून काही आलं की मी नवी जोडी वाजवायचो, म्हणजे येणारा बाजूने जायचा. त्यांना ऐकू यावं म्हणून बसवलेला हॉर्न आता बाकी सगळ्यांसाठी वाजत होता. त्यांना पत्ता नव्हता. फाट्यावर त्यांचा एक जुना ड्रायव्हर होता, चाळिशीचा, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, आमी सांभाळून घेतो. नंबर आमीच लावतो आता. काकाला वाटतंय ते लावून राहिले. वाटू द्या." दुपारी तोच त्यांना जीपमधून तांड्यावर सोडायचा.

असे तीन महिने गेले. मी मनाशी म्हणायचो, चाललंय ना. असंच चालेल.

मग एका सकाळी फाट्यावर एक खडीचा टिप्पर रिव्हर्समध्ये मागे येत होता. वडील त्याच्या मागून रस्ता ओलांडायला निघाले, नजर आपल्या बाकड्यावर. मी चाळीस पावलांवर. मी तळवा दाबला आणि उचललाच नाही. टिप्पर थांबला. वडील आणि त्याचा मागचा पत्रा यांत एका हाताचं अंतर राहिलं असेल. मी गाडी तशीच सोडून धावलो आणि त्यांचा दंड धरून ओढला.

ते संतापले. "लहान लेकरावानी काहून ओढून राहिला?" सगळ्यांदेखत म्हणाले. "हॉर्न वाजवता येत न्हाई? येवढी जोडी बसवून देली."

चहावाला गाळणी हातात घेऊन बाहेर आला होता. टिप्परचा ड्रायव्हर शिव्या द्यायला खाली उतरला होता, तो दारापाशीच थांबला. जीपवाले धावत आले होते, दोन बायका पिशव्या टाकून उठल्या होत्या. सगळे माझ्या गाडीकडे आणि तिथून वडिलांकडे बघत होते. वडिलांनी एकेकाचं तोंड पाहिलं. त्यांच्या जुन्या ड्रायव्हरने मान खाली घातली, तिथे ते थांबले. त्याच्या जवळ गेले. त्याने वर बघेपर्यंत थांबून राहिले.

"लई येळ वाजत होता का?" त्यांनी विचारलं.

"व्हय, काका," तो म्हणाला.

वडील वळले, स्वतः गाडीचं दार उघडून बसले आणि म्हणाले, "घरी घे." बाकड्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यानंतर ते फाट्यावर गेलेले नाहीत.

लोक म्हणतात, सर, तुमच्या हॉर्नमुळे काका वाचले. वाचले म्हणायचं तर वाचले. जे सांगायला मला तोंड नव्हतं, ते मी हॉर्नने सांगितलं, आणि ज्या माणसांत त्यांची किंमत होती त्या सगळ्यांसमोर सांगितलं. अंगणात त्या रविवारी, त्यांच्यासमोर बसून, खुणांनी, पाटीवर लिहून, कसंही सांगितलं असतं तर निदान तिसरं कोणी बघायला नसतं. त्यांच्या फाट्यासाठी गप्प बसलो आणि फाटाही राहिला नाही.

आता ते दिवसभर बाजेवर बसतात, रस्त्याकडे पाठ करून. शाळेला निघताना मी गाडीतून उतरतो, फिरून त्यांच्या समोर जातो आणि हात करतो. कधी ते हात करतात, कधी करत नाहीत.