क्विंटलमागे दोन किलो
सरकीचा वास आला की बेला गावातली ती सकाळ आठवते. कार्ट म्हणजे छोट्या बुटक्या गाड्यांच्या शर्यतीत मुलांचा नवा गट निघाला होता. गाडी आणि चालवणारा मिळून किमान शंभर किलो भरले पाहिजेत, असा नियम होता. वजन कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या काट्यावर व्हायचं, आणि काट्यावर वजन लिहायला मी. एका मुलीच्या नावापुढे मी अठ्ठ्याण्णव लिहिलं. तिनं सीटखाली दोन किलो वाळू बांधली आणि हातभर अंतरानं हरली. मग माझ्यापाशी येऊन म्हणाली, "काका, काटा तं शंभर दाखवत होता. दोन किलो काऊन कापले तुमी?" कापसाच्या ओलाव्यापोटी क्विंटलमागे दोन किलो कापायची हाताला सवय, तसेच तिचेही कापले होते. कापसातले मी आजही कापतो. काऊन, असं कोणी विचारत नाही.