तिच्या गच्चीवर पोर मिळणार नाही

"मायग्रेन? तुला?"

वहिनी हसली. मुंबईचे पाहुणेही हसले. मी गच्चीवर उकिडवी बसून ओकत होते. समोर उन्हात साठांची ताटं. एका ताटातल्या आंब्याच्या रसात माझी ओकारी पडलेली.

वहिनी म्हणजे बागेची मालकीण. रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत तिचं मोठं घर. माझी आये तिच्याकडे कामाला, मे महिन्यात मीपण. रस ताटात ओतायचा, वाळला की साठं उलटायची. मी तेव्हा सातवीत.

"हा शब्द माझ्याकडून उचललास ना? अगं, तुमच्यात कसलं आलंय मायग्रेन. उपाशी असशील. धू ती गच्ची."

शब्द तिच्याकडूनच ऐकलेला, खरं आहे. वहिनीचं डोकं उठलं की घर पाय न वाजवता चालायचं. पडदे ओढायचे. आये फोडणीसुद्धा द्यायची नाही, वासाने वहिनीला त्रास होतो म्हणून. आणि माझं अर्धं डोकं फुटत असताना मी भर उन्हात गच्ची धुतली.

शेवटी आयेने मला सरकारी दवाखान्यात नेलं. मुलांच्या डॉक्टरबाईंनी नीट तपासलं.

"मायग्रेनच आहे. लहान मुलांनाही होतं. ही गोळी रोज घ्यायची, डोकं दुखत नसेल तेव्हाही. दुखणं येऊच नये म्हणून. लगेच गुण येणार नाही, पण मधेच सोडू नका."

मला तिथेच रडू आलं. कोणीतरी माझं खरं मानलं होतं.

हळूहळू फरक पडला. शाळा बुडायची थांबली. मग दिवाळीच्या सुट्टीत मीही साफसफाईला गेले, तेव्हा वहिनीला माझ्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट सापडलं. तीच गोळी ती स्वतः घ्यायची.

"चोरटी. माझ्या कपाटातून काढलीस."

"आवो वहिनी, सरकारी दवाखान्यातली हाय ती," आये हात जोडून सांगत राहिली. वहिनीने पाकीट आपल्या कपाटात टाकून चावी फिरवली. आये मला म्हणाली, "गप ऱ्हा गो." दवाखान्यात परत जायला तिला रजा मिळेना.

दुखणं परत आलं. त्याच सुमारास एका दुपारी वहिनीचंही डोकं उठलं. ती अंधाऱ्या खोलीत पडलेली. "ही चावी घे. कपाटातली दुखणं थांबवायची गोळी दे."

मी आत गेले आणि पडदे पार बाजूला सारले. ऊन थेट तिच्या तोंडावर.

"तुम्हाला कसलं आलंय मायग्रेन," मी म्हटलं. "उपाशी असाल. उठा, गच्ची धुवा."

तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले. मी कपाटातून माझं पाकीट घेतलं, चावी तिच्या उशाशी टाकली आणि आयेला घेऊन बाहेर पडले. आयेचं काम सुटलं, ती काजूच्या कारखान्यात जाऊ लागली. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

पुढे डॉक्टरबाईंनी गोळी कमी करत करत बंद केली. राग मी बंद केलेला नाही. आता वाडीत कुठल्या पोराचं डोकं दुखलं की मीच त्याला दवाखान्यात नेते, म्हणून लोक माझं ऐकतात. घरोघर जाऊन मी सांगितलं, तिच्या गच्चीवर पोरी पाठवू नका. यंदा कोणी पाठवली नाही.

वहिनी डोक्याला पदर गुंडाळून स्वतः साठं उलटते. मी रस्त्यावर उभी राहून बघते. परवा तिने वरून हाक मारली, "अगं, एखादी पोर तरी पाठव. माझं डोकं फुटतंय."

"पोर मिळणार नाही," मी म्हटलं.

पुढच्या वर्षीही मिळणार नाही.