टोफूतल्या तेरा सुया

ओगीनोंच्या घरात पाऊल टाकलं की किती पिल्लं येऊन गेली ते विचारावं लागत नसे. बैठकीच्या सगळ्या सरकत्या दारांना नवा कागद, ते पहिलं पिल्लू. जुन्या किमोनोंच्या पट्ट्या जोडून शिवलेले दारांवरचे पडदे आणि सोळा उशा, ते दुसरं. मागच्या खोलीतलं अख्खं कपाट फोडून केलेली शिवणखोली, ते तिसरं. अंध माणसाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची ही पिल्लं दोन महिन्यांची झाली की चिगुसा घरी आणायची, वाढवायची आणि वर्षाची झाली की प्रशिक्षण केंद्राला परत द्यायची. केंद्राची गाडी वळणाआड गेली की डोळे पुसायची आणि त्याच संध्याकाळी घरातलं काहीतरी मोडायला काढायची. "चौथं जाऊ दे, मग छप्परच उतरवू," असं तिचा नवरा एइजी शेजाऱ्यांना सांगायचा. विणकामाच्या कारखान्यात नक्षीच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडण्यात त्याचा जन्म गेला होता. आता निवृत्तीनंतर बायकोने काढलेल्या प्रत्येक कामात शिडी धरायला तोच असे.

चौथा आला तो किबी. पिवळसर, मोठ्या पंजांचा आणि कचरा ओढायच्या यंत्राला घाबरून कपाटामागे दडणारा. चिगुसाने आधीच्या तिघांवर माया केली नव्हती असं नाही, पण एकसष्टाव्या वर्षी माणसाला एखादं पिल्लू जरा जास्तच लागतं. किबी होताच तसा. बशी समोर ठेवून "वेट" म्हटलं की लाळेची तार जमिनीला टेकेपर्यंत हा बसून राही, पण तोंड पुढे करत नसे.

केंद्राचे हुकूम इंग्रजीत असतात. गावोगावची बोली वेगळी, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी, त्यात कुत्र्याचा गोंधळ नको म्हणून. खायची मोकळीक द्यायची ती "ओके" म्हणून. आता एवढा मोह आवरून बसलेल्या पिल्लाला नुसतं कोरडं "ओके" म्हणायचं चिगुसाच्या जिभेला जड जाई. ती आधी म्हणायची, "गोकुरोसान." दमलास हो, छान केलंस, अशा अर्थाचं आपण टपालवाल्याला म्हणतो, गवंड्याला म्हणतो, तेच. मग "ओके." जूनपासून हे चाललं. "ओके" कधी गळून पडलं आणि "गोकुरोसान" तेवढं उरलं, हे तिचं तिलाही कळलं नाही. केंद्राच्या वहीत मात्र ती रोज लिहायची, "जेवणाचा शब्द: ओके."

आठ फेब्रुवारी हा सुयांचा दिवस. वर्षभरात मोडलेल्या सुया मऊ टोफूत खोचायच्या आणि देवळात नेऊन द्यायच्या. जन्मभर जाड कापडात घुसल्या, शेवटी जरा मऊ अंथरूण मिळावं म्हणून. चिगुसाच्या स्वतःच्या पाच होत्या. सोबत कागदाच्या पुडीत तिच्या शिवणगुरू ईझुका सेन्सेईंच्या. सेन्सेई चौऱ्याऐंशीच्या. गावातल्या अर्ध्या बायकांना किमोनो शिवायला त्यांनी शिकवलं, आणि काचबिंदूने डोळे गेले त्याला अकरा वर्षं झाली तरी सुई काही सोडली नाही. त्यांचे दोनच नियम. सुया मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या. आणि टाका चुकला तर ज्याने घातला त्यानेच उसवायचा, पोरीचा टाका आईने नाही आणि आईचा पोरीने नाही.

त्या सकाळी बाहेर असा वारा सुटला होता की दारं खडखडत होती. चिगुसाने शिवणखोलीतल्या बैठ्या मेजावर टोफू ठेवला. आत येताना हात भरलेले, म्हणून कुत्र्याला अडवायचं लाकडी फाटक तिने पायाने ढकललं, ते लागलं नाही. किबी आत आला आणि मेजाशी नीट बसला. तिने आपल्या पाच सुया मोजून खोचल्या. सेन्सेईंची पुडी सोडली आणि त्या न मोजताच खोचल्या. सेन्सेईंच्या सुया मोजायच्या म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं, असं तिला वाटलं. हा शहाणपणा पुढे तिला फार महाग पडला. मग तिने हात जोडले, मान लववली आणि सुयांना म्हणाली, "गोकुरोसान."

तेवढ्यात शेजारीण आळीची सूचनावही घेऊन दारात आली. सही करून, वाऱ्याबद्दल दोन शब्द बोलून चिगुसा परत आली तेव्हा निम्मा टोफू गेला होता. सुया मेजावर विखुरल्या होत्या आणि किबी जिभल्या चाटत शेपटी हलवत बसला होता.

"एइजी-सान," तिने हाक मारली, आणि तो आवाज ऐकून एइजी हातातली चहाची वाटी तशीच घेऊन धावत आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी क्ष-किरणाचं चित्र उजेडावर धरलं. "दोन दिसतायत. टोफूत एकूण होत्या किती?"

"उरलेल्या दहा मी आणल्यात," एइजीने कागदाची घडी उलगडली. "एकूण किती गं?"

"माझ्या पाच," चिगुसा म्हणाली. सेन्सेईंच्या तिने मोजल्याच नव्हत्या. मग तिथूनच तिने सेन्सेईंना फोन लावला.

"सेन्सेई, तुमच्या पुडीत सुया किती होत्या?"

"का गं चिगुसा-चान? देवळात हल्ली मोजून घेतात की काय?"

चिगुसाने सांगितलं.

"आठ," सेन्सेई म्हणाल्या. "एकीचं नेढं तुटलंय, बाकीच्यांची टोकं. दोनदा चाचपून मोजल्यात मी. आता बोलत बसू नकोस, ठेव."

पाच आणि आठ तेरा. दहा कागदात, दोन पोटात. डॉक्टरांनी किबीला कुशीवर झोपवून पुन्हा चित्र काढलं, तेव्हा बरगडीच्या सावलीत दडलेली तिसरी सापडली. दोन सुया दुर्बीण घालून तोंडावाटे निघाल्या, तिसरीसाठी पोट उघडावं लागलं. "आकडा कळला नसता तर मी दोन काढून मोकळा झालो असतो," डॉक्टर हात धूत म्हणाले. ते सहज बोलले, पण चिगुसा त्या वाक्याने पुढे कित्येक दिवस दचकून उठायची.

चौथ्या दिवशी किबीला आणायला दोघं गेली. केंद्राच्या नाकाझातो-सानही आल्या होत्या. चाळिशीच्या, दर महिन्याला येऊन पिल्लाचे कान, दात, वागणं बघून जाणाऱ्या, गोड बोलणाऱ्या पण कागदावर कधीही खोटं न लिहिणाऱ्या. त्यांनी किबीच्या तक्त्यात लिहिलेलं चिगुसाला उलटं वाचता आलं. 'समोर दिसलेलं उचलून खातो.' वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला ही खोड म्हणजे बाद होणंच. रस्त्यात पडलेल्या पावाच्या तुकड्यामागे धावणाऱ्या कुत्र्यावर कोण जीव सोपवणार?

"सोमवारी घरी येते, मग नक्की करू," त्या म्हणाल्या आणि तक्त्यावर वाकल्या.

किबीच्या गळ्यात, जखम चाटू नये म्हणून घातलेलं, प्लास्टिकचं नळकांडं होतं, समोर पातळ जेवणाची बशी. मदतनीस बाई "खा रे, खा," म्हणून थकल्या होत्या. तो नुसता बसून. इतक्यात औषधांची खोकी घेऊन माणूस आला, खोकी ठेवून वळला, आणि डॉक्टर गल्ल्याआडून त्याला म्हणाले, "गोकुरोसान."

किबीने नळकांड्यासकट तोंड बशीत घातलं.

चिगुसाच्या आत्ता ध्यानात आलं. म्हणजे त्याने चोरलं नव्हतं. तिने सुयांना म्हटलेलं त्याने आपल्याला म्हटलेलं समजून, शहाण्या मुलासारखं ऐकलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं होतं. नाकाझातो-सान लिहीत होत्या.

गाडीत किबी मागच्या सीटवर झोपला. पूल ओलांडल्यावर एइजीने विषय काढला.

"मला कळलंय तुझ्या डोक्यात काय चाललंय," तो म्हणाला. "पण जरा ऐक. बाद झालेलं कुत्रं केंद्र आधी कुणाला देऊ करतं?"

"वाढवणाऱ्या घराला."

"मग? राहील की आपल्याकडे. तोही सुखात, आपणही. तू तोंड उघडलंस तर तुझी अब्रू जाईल, आणि कुत्रंही जाईल. कुणाचं भलं होणारेय त्यात?"

एइजी वाईट माणूस नव्हे. दुपारी चिगुसा शिवायला बसली की किबी त्याच्या पायावर हनुवटी ठेवून झोपायचा आणि पाय बधिर झाला तरी हा हलवायचा नाही. नवऱ्याचं म्हणणं चिगुसालाही हवंसं वाटत होतं. अगदी मनापासून हवंसं वाटत होतं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

रविवारी ती सेन्सेईंकडे गेली. जाता जाता रस्ता खणणाऱ्यांना एक आजोबा गोकुरोसान म्हणाले, टपालवाल्याला एक बाई म्हणाली. वीस मिनिटांच्या वाटेत तो शब्द चारदा कानावर आला. सेन्सेईंपुढे ती सगळं बोलली, एइजीचं बोलणंसुद्धा. सेन्सेई हातातल्या कापडाची कड चाचपत ऐकत होत्या.

"म्हणजे तो चुकला नाही."

"नाही."

"मग तक्त्यात नाव कुणाचं?"

"त्याचं," चिगुसा म्हणाली.

"माझ्याकडे कशाला आलीस गं? मी हो म्हणावं म्हणून?" सेन्सेईंनी कापड पुढे केलं. "ही दुमड बघ बरं सरळ आलीये का. मला दिसत नाही, आणि सुनेला विचारलं की ती नेहमी छानच म्हणते."

दुमड वाकडी होती. चिगुसाने तसं सांगितलं. सेन्सेई हसल्या आणि शांतपणे उसवायला बसल्या.

सोमवारी नाकाझातो-सान आल्या. चिगुसाने चहा ठेवला आणि त्यांनी वाटीला हात लावायच्या आत सांगून टाकलं. मग किबीसमोर बशी ठेवून दाखवलंही. "ओके" म्हटलं, तो हलला नाही. "गोकुरोसान" म्हटलं, त्याने बशी रिकामी केली.

"किती महिने?" नाकाझातो-सानांनी विचारलं.

"सात तरी."

"आणि वहीत तुम्ही रोज ओके लिहीत होता."

"हो. चूक माझी. मला माफ करा," चिगुसाने कपाळ चटईला टेकवलं. एइजी दारात उभा होता. तोही मग तिच्या शेजारी येऊन वाकला.

नाकाझातो-सान ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "ओगीनो-सान, फलाटावर उभ्या एखाद्या अंध माणसाच्या शेजारी कुणीतरी हमालाला हा शब्द म्हणालं असतं, तर?" मग त्यांनी तक्त्यातली ती ओळ खोडली. "शब्द काढून घेता येत नाही कुत्र्याकडून. रिकामा करता येतो. शंभरदा म्हणायचा आणि काहीच द्यायचं नाही. अवघड असतं. हवं तर मी त्याला आजच नेते, केंद्रातच करू."

"टाका मी घातलाय," चिगुसा म्हणाली. "मीच उसवते."

"ठीक. पण यानंतरचं पिल्लू काही वर्षं नको."

"नको," चिगुसा म्हणाली.

मग जे सुरू झालं ते बघवत नसे. सकाळपासून ती घरभर तो शब्द म्हणत फिरायची. दारांना खळ लावताना, उशांची खोळ बदलताना, भात धुताना. किबी पहिल्यांदा धावत यायचा, बशीशी बसायचा, तिच्या तोंडाकडे बघायचा. बशी रिकामी. तो ती चाटायचा, पुन्हा बघायचा. आपलं काय चुकलं, असं त्याच्या कपाळावरच्या आठ्यांत स्पष्ट दिसायचं, आणि त्याचं काहीच चुकलेलं नव्हतं. जेवण मिळायचं ते कोरड्या "ओके"वर. एइजी सुरुवातीला टोपी घालून नदीकडे निघून जाई. नंतर तोही मागे लागला. "तू चाळीसदा म्हण, मी चाळीसदा म्हणतो. लवकर आटपू दे बिचाऱ्याचं."

मार्चच्या मध्याला किबी नुसता उभा राहायला लागला. मग नुसती मान वळवायचा. मग एक कान. एप्रिलच्या सहा तारखेला चिगुसा शिवणयंत्राशी बसून म्हणाली, "गोकुरोसान," आणि त्याने हनुवटीसुद्धा उचलली नाही. तिने वहीत लिहिलं, 'प्रतिसाद नाही,' आणि लिहितानाच तिला रडू फुटलं. जगातला सगळ्यात गोड शब्द होता तो त्याचा, आणि तिने तो स्वतःच्या तोंडाने मारला होता.

महिनाअखेरीस गाडी आली. पोटावरची जखम भरली होती, तिथे केसही उगवले होते. चिगुसा फरसबंदीवर गुडघे टेकून बसली, त्याचे कान दोन्ही हातांत धरले. आता म्हणायला हरकत नव्हती. म्हटल्याने काहीच बिघडणार नव्हतं.

"गोकुरोसान, किबी."

तो गाडीच्या उघड्या दाराकडे बघत होता. नाकाझातो-सान म्हणाल्या, "ओके," आणि त्याने आत उडी घेतली.

गाडी वळणाआड गेली. एइजीने विचारलं, "शिडी काढू?"

"नको," चिगुसा म्हणाली. "मोडायचं होतं ते मोडून झालं."